न पोचलेला हुंडा

तेराव्या शतकातले पश्चिम युरोपचे राजकारण मराठीत सांगणे इंग्रजीपेक्षा सोपे जाते. इंग्रजीत मेव्हणा, दीर, साडू हे सगळे एकाच शब्दात कोंबलेले असतात आणि वाचणारा गोंधळतो. आपल्याकडे प्रत्येक नात्याला स्वतःचा शब्द आहे, आणि ही सगळी हकीकत नात्यांचीच आहे. फ्रान्सचा राजा नववा लुई आणि इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री हे साडू. लुईचा धाकटा भाऊ शार्ल आणि हेन्रीचा धाकटा भाऊ रिचर्ड हेही त्यांचे साडू. चार सख्ख्या बहिणी. थोरली आणि शेंडेफळ फ्रान्सच्या घरात सख्ख्या जावा, मधल्या दोघी इंग्लंडच्या घरात सख्ख्या जावा. हे एवढे डोक्यात बसले की पुढची साठ वर्षे आपोआप उलगडत जातात.

या चौघींचा बाप म्हणजे रामोन बेरेंगेर, प्रोव्हान्सचा काउंट. त्या घराण्यात हे नाव अनेकांचे असल्याने काही याद्या त्याला चौथा म्हणतात, काही पाचवा. मुलगा नाही, तिजोरी रिकामी, चहूबाजूंनी दांडगे शेजारी. तरीही त्याच्या चारही मुली राण्या झाल्या. दांतेने आपल्या महाकाव्यात या चार मुलींची आणि प्रत्येकीच्या राणीपदाची आठवण ठेवली, आणि तेव्हापासून 'चार राण्यांचा बाप' हीच त्याची ओळख होऊन बसली. प्रत्यक्षात त्याने डोळे मिटले तेव्हा दोनच मुलींच्या डोक्यावर मुकुट होता. तिसरीला तो बाप गेल्यावर बारा वर्षांनी मिळाला, चौथीला वीस वर्षांनी. त्यामुळे या माणसाला भाग्यवान बाप म्हणून पाहण्यापेक्षा कर्जबाजारी बाप म्हणून पाहिले, तर त्याची चाल जास्त कळते. त्याने लग्नांत काय दिले याच्यापेक्षा काय द्यायचे राहिले, यानेच पुढचा इतिहास हलवला.

त्याचे घराणे मूळचे बार्सिलोनाचे. आजोबा आरागोनचे राजे, आणि प्रोव्हान्स ही त्या घराण्याची धाकटी पाती. वडील दुसरे आल्फोन्सो १२०९ मध्ये सिसिलीत पालेर्मोला वारले. तेही लग्नाच्याच कामासाठी तिथे गेले होते; बहीण कॉन्स्टन्स हिला फ्रेडरिकच्या घरी पोचवायला. हाच फ्रेडरिक पुढे सम्राट झाला आणि रामोनच्या डोक्यावर धनी म्हणून बसला, कारण प्रोव्हान्स कायद्याने फ्रान्सच्या राजाचे नव्हते, पवित्र रोमन साम्राज्याचे होते. बाप गेल्यावर लहानग्या रामोनला आरागोनमध्ये नेण्यात आले. मोन्सोनच्या गढीत, टेम्पलर पंथाच्या सरदारांच्या पहाऱ्यात तो वाढला. सोबतीला चुलत घराण्यातला जाउमे होता, आरागोनचा बालराजा. १२१६ मध्ये रामोन रात्री गुपचूप गढीतून निघाला, सालोऊच्या बंदरात त्याच्यासाठी गलबत थांबले होते, ते थेट प्रोव्हान्सला. आई गार्सेन्दा फोर्काल्किए या शेजारच्या मुलखाची वारस आणि स्वतः कवयित्री. मुलाच्या हाती कारभार आल्यावर काही वर्षांनी ती मठात गेली. आईकडून फोर्काल्किए आणि बापाकडून प्रोव्हान्स असे दोन वेगळे वारसे त्याच्याकडे आले, आणि हे वेगळेपण पुढे फार नडले.

प्रोव्हान्स म्हणजे ऱ्होन नदी, आल्प्स आणि समुद्र यांच्यामधला त्रिकोण. कागदावर देखणा मुलूख, वसुलीत हलका. मार्सेय, आर्ल, आव्हिन्यों, नीस ही शहरे स्वतःचे पंच निवडून कारभार करत आणि काउंटला जुमानत नसत. रामोनचे अर्धे आयुष्य त्यांना वठणीवर आणण्यात गेले. १२२९ मध्ये नीस ताब्यात आले, ते त्याचा कारभारी रोमे द व्हिलनव्ह याच्या हातून. दोनच वर्षांनी आल्प्समधल्या खोऱ्यात त्याने नवे गाव वसवले आणि आपल्या मूळ घराण्याची आठवण म्हणून त्याला बार्सेलोनेत नाव दिले. ते गाव आजही आहे. मार्सेय मात्र वळेना. १२३० मध्ये त्या शहराने तुलूझच्या सातव्या रेमाँला आपला संरक्षक म्हणून बोलावून घेतले, आणि ऱ्होनच्या पलीकडचा हा पिढीजात वैरी थेट घरात शिरला. सतत लढाया, सतत पगार थकलेले. तरी दरबारात कवी आणि गवई होतेच. इटलीतून परागंदा झालेला सोर्देल्लो याच दरबारात टिकला.

१२१९ च्या सुमारास रामोनने सव्हॉयच्या बिआट्रिसशी लग्न केले. माझ्या मते त्याच्या आयुष्यातला सर्वांत नफ्याचा करार हाच. सव्हॉयच्या घरात पैसा बेताचाच, पण आल्प्सचे घाट त्यांच्या हातात होते आणि भावांची मोठी फळी होती. आपल्याकडे मुलीला मांडवात आणण्याचा मान मामाचा. या मुलींच्या मामांनी तो मान युरोपभर बजावला. मोठा आमादेओ घराची गादी सांभाळत होता, गियोम धर्मपीठावर, तोमासो, पिएर, बोनिफास आणि फिलिप आपापल्या संधीची वाट पाहत. चारही सोयरिकींत कुठे ना कुठे एक मामा उभा दिसतो.

पहिली सोयरीक फ्रान्सची. लुई वीस वर्षांचा, मार्गारेट तेरा वर्षांची, आणि सगळा व्यवहार लुईची आई ब्लाँश हिच्या हातात. फ्रान्सला या मुलीत काय दिसले? १२२९ च्या तहाने फ्रान्सच्या राजाने तुलूझच्या रेमाँला वाकवले होते, आणि ऱ्होनच्या पश्चिम काठावर बोकेरला राजाचा अधिकारी बसला होता. रेमाँला नदीच्या पलीकडून दाबणारा कोणी हवा होता. रामोनलाही नेमके तेच हवे होते. शत्रू समान, म्हणून सोयरीक जमली. रूपगुणांची चौकशी झाली, ती नंतर.

या लग्नाच्या वाटेत दोन धोंडे होते: नाते आणि पैसा.

नात्याचा हिशेब आपल्या सपिंडाच्या हिशेबासारखाच, फक्त पिढ्या मोजण्याची मर्यादा वेगळी. १२१५ च्या लॅटरन धर्मसभेने सात पिढ्यांची मनाई चारवर आणली होती. समान पूर्वजापासून दोन्ही बाजूंनी पिढ्या मोजायच्या, आणि चौथ्या पिढीच्या आत दोघे आले की लग्न निषिद्ध. इथे समान पूर्वज कास्तीलचा राजा सातवा आल्फोन्सो. त्याची मुलगी सांचा, तिचा मुलगा आल्फोन्सो, त्याचा मुलगा रामोन, त्याची मुलगी मार्गारेट: चार. दुसऱ्या बाजूने आल्फोन्सोचा मुलगा सांचो, त्याचा मुलगा आठवा आल्फोन्सो, त्याची मुलगी ब्लाँश, तिचा मुलगा लुई: इथेही चार. म्हणजे बरोबर सीमारेषेवर. पोप नववा ग्रेगरी याने १२३४ च्या जानेवारीत सवलतीचे पत्र दिले. हे पत्र लग्नाच्या आधी हातात असणे फार मोलाचे असे. नसेल, तर पुढे कधीही, कुणाही रुसलेल्या नातलगाला लग्नच रद्द ठरवून मागता येई, आणि मुले अनौरस ठरत.

आता पैसा. हुंडा ठरला १०,००० मार्क चांदीचा. मार्क हे नाणे नव्हे, वजन आणि हिशेबाचे माप. इंग्लंडच्या हिशेबाने एक मार्क म्हणजे १६० चांदीच्या पेनी. १०,००० मार्क म्हणजे १६ लाख पेनी, वजनात सव्वादोन टनांहून अधिक चांदी. एका खेचरावर सव्वाशे किलो लादले तर अठरा-एकोणीस खेचरांचा तांडा. रामोनच्या घरात एवढी चांदी एकगठ्ठा कधीच नव्हती. म्हणून रक्कम हप्त्यांवर आली, आणि हप्त्यांच्या हमीसाठी तारास्कोनचा किल्ला तारण ठेवला. तारण निवडण्यातही मेख आहे. तारास्कोन ऱ्होनच्या पूर्व काठावर, आणि समोर पश्चिम काठावर फ्रान्सचे बोकेर. सावकाराच्या ओसरीवरून दिसेल असे शेत गहाण टाकावे, तसे हे झाले. २७ मे १२३४ ला साँसच्या कॅथेड्रलमध्ये लग्न लागले, दुसऱ्याच दिवशी मार्गारेटला राणीचा मुकुट चढवला. हुंड्यापैकी फ्रान्सला पोचले २,००० मार्क. बाकी ८,००० राहिले ते राहिलेच.

मार्गारेटच्या सासुरवासाची एक आठवण लुईच्या जवळच्या माणसाने नोंदवून ठेवली आहे. पाँत्वाझच्या वाड्यात राजाची खोली वर आणि राणीची बरोबर खाली होती, मधे दगडी गोल जिना. सासूला दोघांनी दिवसा एकत्र बसलेले खपत नसे. म्हणून नवराबायको जिन्यात भेटत, आणि ब्लाँश येताना दिसली की नोकर दारावर काठी आपटून इशारा देत. तेरा वर्षांची मुलगी, हुंडा बाकी राहिलेली, आणि सासू ब्लाँशसारखी कर्तबगार. हे दृश्य ओळखायला आपल्याला फ्रेंच इतिहास यावा लागत नाही.

दुसरी सोयरीक इंग्लंडची, आणि तिचे कागद जास्त बोलके आहेत. तिसरा हेन्री अठ्ठावीस वर्षांचा, आणि १२३५ मध्ये त्याचे पाँत्यूच्या जोनशी जमलेही होते. फ्रान्सला ते नको होते, कारण पाँत्यू नॉर्मंडीच्या सीमेवर होते. तिथेही नात्याची सवलत लागणार होती आणि हेन्रीचे वकील रोममध्ये अर्ज घेऊन बसले होते. एवढ्यात हेन्रीला प्रोव्हान्सची दुसरी मुलगी जास्त कामाची वाटली. फ्रान्सचा साडू होण्याची संधी होती, आणि सव्हॉयच्या मामांमार्फत इटलीच्या वाटाही. त्याने रोममधल्या वकिलांना अर्ज पुढे न रेटण्याचे कळवले. सवलत मिळाली नाही, म्हणून लग्न नाही! नात्याची अट अशी दोन्ही बाजूंनी कापणारी होती. मात्र दिलेल्या शब्दाचा सल राहिलाच. हेन्रीला पुढे बऱ्याच वर्षांनी पोपकडून जोनच्या कराराबद्दल पक्का निकाल घेऊन ठेवावा लागला, नाहीतर त्याच्या मुलांच्या औरसपणावर बोट ठेवता आले असते. याच जोनचे लग्न नंतर कास्तीलच्या राजाशी झाले, आणि तिची मुलगी एलिनोर १२५४ मध्ये हेन्रीच्याच मुलाची, एडवर्डची, बायको झाली. मोडलेली सोयरीक एका पिढीने पुन्हा जुळली.

हुंड्याची घासाघीस तर वाचण्यासारखी आहे. हेन्रीने वकिलांना आधी २०,००० मार्क मागायला सांगितले. सोबत वेगवेगळ्या, उतरत्या रकमांची पत्रे तयार करून दिली. काउंट जिथे अडेल तिथले पत्र पुढे करायचे. आणि शेवटी कळवले की काहीच मिळत नसेल तरी चालेल, मुलीला सुखरूप घेऊन या. समोरचा किती अडलेला आहे हे रामोनला ठाऊक असणार. त्याने पुन्हा १०,००० मार्क कबूल केले आणि पुन्हा ते दिले नाहीत. २३ नोव्हेंबर १२३५ ला तारास्कोनमध्ये हेन्रीच्या वतीने प्रतिनिधीने वचने उच्चारली. 'मी घेईन' असे भविष्यकाळात म्हटले तर ती सोयरीक, 'मी घेतो' असे वर्तमानकाळात म्हटले तर ते लग्न. चर्चच्या कायद्यात एका क्रियापदावर सगळे ठरे. मुलगी बारा वर्षांची झालेली असणे एवढीच वयाची अट. एलिनोर जेमतेम तितकी होती.

मामा गियोम वऱ्हाडाबरोबर इंग्लंडला गेला. १४ जानेवारी १२३६ ला कँटरबरीला लग्न, २० जानेवारीला वेस्टमिन्स्टरला राज्याभिषेक. लंडनचे नागरिक घोड्यांवर बसून मिरवणुकीत आले, बरोबर ३६० सोन्याचांदीचे पेले. गियोम मात्र लगेच परतला नाही. तो राजाचा मुख्य सल्लागार होऊन बसला, आणि त्याच्या मागोमाग बाकीचे आले. पिएरला रिचमंडची जहागीर मिळाली, आणि १२४६ मध्ये टेम्सच्या काठावर जागा मिळाली. त्या जागेचा सारा होता वर्षाला तीन बाण. आज लंडनचे सव्हॉय हॉटेल ज्या भागात उभे आहे ते नाव या मामाचे. बोनिफास कँटरबरीचा आर्चबिशप झाला. इंग्लंडच्या सरदारांना हे परके सोयरे डोळ्यांत खुपू लागले, आणि त्या रागाची किंमत एलिनोरने मोजली. जुलै १२६३ मध्ये लंडन पुलाखालून तिची नाव जात असताना वरून लोकांनी दगड आणि घाण फेकली. राणीच्या माहेरची माणसे जेव्हा दरबारात घर करतात तेव्हा काय होते, हे सांगायला हा एक प्रसंग पुरे.

दोन मुली दोन गाद्यांवर गेल्या, आणि रामोनने १२३८ मध्ये सिस्तेरोनला मृत्युपत्र केले. या लेखातला सर्वांत महत्त्वाचा कागद हाच. उत्तर फ्रान्सच्या चालीरीतींत मुलगा नसेल तर मुलींमध्ये वाटणी होण्याचा कल असे. प्रोव्हान्समध्ये रोमन कायद्याचा पगडा होता, आणि तिथे बापाला मृत्युपत्राने एकच वारस नेमता येई. जिला हुंडा दिला तिचा वाटा त्या हुंड्यातच मिटला असे धरले जाई. रामोनने या नियमाचा पुरा फायदा घेतला. थोरल्या दोघींना हुंडा ठरलेला, म्हणून त्या वगळल्या. संपूर्ण प्रोव्हान्स आणि फोर्काल्किए धाकट्या बिआट्रिसला, जी तेव्हा लहान आणि अविवाहित होती. हेतू उघड आहे. प्रोव्हान्स फ्रान्सच्या राजाच्या किंवा इंग्लंडच्या राजाच्या खिशात जाऊन नाहीसे होऊ नये, एखाद्या मोकळ्या जावयाच्या हाताखाली ते स्वतंत्र राहावे.

युक्ती उत्तम होती, पण तिच्यात एक भोक होते. हुंडा दिल्याने वाटा मिटतो, हे खरे. पण हुंडा दिलाच नसेल तर? मार्गारेटचे ८,००० मार्क बाकी, एलिनोरचे सगळेच बाकी. कायद्याच्या ज्या खांबावर मृत्युपत्र उभे, तोच खांब रामोनने स्वतः आतून पोखरला होता. शिवाय बायकोला हयातीपर्यंतचे उत्पन्न ठेवले, आणि फोर्काल्किए आईच्या, म्हणजे गार्सेन्दाच्या, वारशातून आलेले. त्यामुळे पुढच्या जावयाला एका हाताने मिळाले आणि दुसऱ्या हाताने अडवले गेले.

तिसऱ्या मुलीची कथा या सगळ्यात सर्वांत हळवी. सांचाला आधी तुलूझच्या रेमाँला द्यायचे ठरले. त्याच जुन्या वैऱ्याला, जो तिच्या बापाच्या वयाचा होता. वैर मिटवायला मुलगी द्यायची ही रीत आपल्याला परकी नाही. रेमाँला मुलगा हवा होता, कारण १२२९ च्या तहाप्रमाणे त्याचा मुलूख मुलीमार्फत फ्रान्सच्या राजघराण्यात जाणार होता. ऑगस्ट १२४१ मध्ये प्रोव्हान्समधल्या ऐक्सला वचने झाली. रेमाँच्या वतीने उभा राहिला जाउमे, मोन्सोनच्या गढीतला तो जुना सोबती. आता फक्त पोपची सवलत यायची होती. आणि त्याच महिन्यात, २२ ऑगस्टला, ग्रेगरी वारला. नवा पोप निवडून आला तो १७ दिवसांत गेला. मग जून १२४३ पर्यंत पोपच नाही. सवलत द्यायला खुर्चीत माणूसच नसल्याने ती सोयरीक आपोआप सुकून गेली. एखादे लग्न पुरोहिताअभावी रखडावे, तसे हे संपूर्ण दक्षिण फ्रान्सचे भवितव्य रखडले, आणि रेमाँ निपुत्रिक मेला.

दरम्यान हेन्रीचा भाऊ रिचर्ड, कॉर्नवॉलचा अर्ल, धर्मयुद्धाला जाताना प्रोव्हान्समधून गेला होता आणि त्याने सांचाला पाहिले होते. त्याची पहिली बायको १२४० मध्येच वारली होती. कॉर्नवॉलच्या कथलाच्या खाणींमुळे तो गबर होता. २३ नोव्हेंबर १२४३ ला वेस्टमिन्स्टरला लग्न लागले, आणि त्या काळच्या एका मठवासी इतिहासकाराने जेवणात ३०,००० पदार्थ वाढल्याचे लिहिले. आकडा फुगवलेला असणारच, पण पंगतीचा बडेजाव त्यातून कळतो. विहीणबाई स्वतः मुलीबरोबर आल्या होत्या. जावयांमध्ये आणि भावाभावांत समेट घडवण्यात सव्हॉयच्या बिआट्रिसचा हात चांगलाच चालत असे, आणि परत जाताना त्यांनी हेन्रीकडून ४,००० मार्कांचे कर्जही नेले. तारण म्हणून प्रोव्हान्समधले पाच किल्ले. बघा, हुंडा सासऱ्याकडून यायचा होता, उलट जावयाकडून कर्ज गेले. बाकी रकमेची बेरीज आता दोन्ही दिशांनी वाढत चालली होती.

१९ ऑगस्ट १२४५ ला रामोन ऐक्सला वारला. धाकटी बिआट्रिस पंधराच्या आसपास, हातात सगळे प्रोव्हान्स. जाउमे सैन्य घेऊन ऐक्सच्या वेशीवर आला. रेमाँ पुन्हा एकदा नवरदेव व्हायला तयार. सम्राट फ्रेडरिकनेही आपल्या मुलासाठी डोळा ठेवला. रोमे द व्हिलनव्ह आणि विधवा बिआट्रिस यांनी मुलीला सांभाळले आणि पोप चौथा इनोसन्ट याच्याकडे धाव घेतली. पोप तेव्हा लियोंला होता, फ्रेडरिकला नुकतेच पदच्युत ठरवून बसलेला, आणि त्याला फ्रान्सची गरज होती. वर्षाअखेर क्लुनीला पोप आणि लुई भेटले, आणि प्रोव्हान्स लुईचा भाऊ शार्ल याला द्यायचे ठरले. नात्याची सवलत? लुई आणि मार्गारेटसाठी जो चौथ्या पिढीचा हिशेब होता तोच इथेही, तेव्हा पोपने हात ढिला सोडला. मामा फिलिपच्या सोबतीने शार्ल घोडेस्वार घेऊन तातडीने ऐक्सला पोचला आणि ३१ जानेवारी १२४६ ला लग्न लागले. जाउमेला माघार घ्यावी लागली. हा सगळा डाव पाच महिन्यांत उरकला, आणि पोचण्याचा वेग हेच त्यातले खरे शस्त्र होते.

मृत्युपत्राने जे टाळायचे होते तेच घडले. प्रोव्हान्स फ्रान्सच्या घरात गेले, फक्त थोरल्या जावयाऐवजी धाकट्या जावयामार्फत. शार्लने फ्रेंच कारकून आणि वकील आणले, जुने दप्तर तपासायला घेतले, आणि मार्सेय, आर्ल, आव्हिन्यों पेटून उठले. सासूशी फोर्काल्किएवरून त्याचे जे वाजले ते लुईने १२५६ मध्ये मध्यस्थी करून मिटवले.

यापुढची काही वर्षे साडूंची. डिसेंबर १२५४ मध्ये पॅरिसला चारही बहिणी आणि त्यांची आई एकत्र जमल्या. लुईने हेन्रीला एक हत्ती भेट दिला. इंग्लंडमध्ये तो १२५५ मध्ये पोचला, आणि लंडनच्या शेरीफला त्याच्यासाठी ४० फूट लांब व २० फूट रुंद घर बांधण्याचा हुकूम गेला. दोनच वर्षांत तो मेला. मराठी माणसाला हत्तीसाठी ती जागा आणि ती हवा किती अपुरी हे लगेच कळेल. ४ डिसेंबर १२५९ ला हेन्रीने पॅरिसच्या राजवाड्याच्या बागेत लुईपुढे गुडघे टेकले आणि दोन पिढ्यांचे युद्ध मिटले. लुईच्या मंत्र्यांना हा तह पसंत नव्हता. त्याने त्यांना कारण सांगितले ते असे, की आमच्या बायका बहिणी आहेत आणि आमची मुले मावसभावंडे आहेत. राजकारणात हे एवढे साधे वाक्य क्वचित ऐकू येते, आणि मला ते खरे वाटते, कारण त्या तहात लुईने गमावण्यासारखेही बरेच होते.

रिचर्डने पैशाच्या जोरावर जर्मन मतदार राजपुत्र वळवले, आणि १७ मे १२५७ ला आखेनमध्ये सांचाला रोमनांच्या राजाची, म्हणजे जर्मनीच्या राजाची, राणी म्हणून मुकुट चढला. चारच वर्षांत, नोव्हेंबर १२६१ मध्ये, ती बर्कहॅम्स्टेडला वारली. शार्लने पोपच्या आशीर्वादाने सिसिली जिंकायला घेतली. ६ जानेवारी १२६६ ला रोममध्ये धाकट्या बिआट्रिसचा राज्याभिषेक झाला, आणि तीही पुढच्याच वर्षी गेली. बापाच्या चार राण्यांचा हिशेब पुरा झाला खरा, पण शेवटचे दोन मुकुट एवढेच टिकले.

उरल्या थोरल्या दोघी. बिआट्रिस मेली तरी शार्लने प्रोव्हान्स सोडले नाही, आणि मार्गारेटचा राग शमला नाही. तिचा युक्तिवाद सरळ होता: मला हुंडा मिळाला नाही, म्हणून माझा वाटा मिटला नाही. एलिनोरचा तिला पाठिंबा होता. सम्राटाकडे अर्ज, पोपकडे अर्ज, फ्रान्सचा राजा झालेल्या मुलाकडे तगादा. १२८१ मध्ये मार्गारेटने माकाँला शार्लच्या विरोधकांची बैठक घेतली आणि पुढच्या वर्षी फौजा जमवायचे ठरवले. तेव्हा ती साठीची होती. पण ३० मार्च १२८२ ला पालेर्मोत शार्लविरुद्ध बंड पेटले आणि त्याचे राज्यच हादरले. फ्रान्सच्या राजघराण्याला आता घरातले भांडण परवडणारे नव्हते. अखेर मार्गारेटला शार्लच्या आंजू या मुलखाच्या उत्पन्नातून वार्षिक नेमणूक देऊन वाद मिटवण्यात आला. प्रोव्हान्स शार्लच्या वंशाकडेच राहिले, आणि १४८१ मध्ये ते फ्रान्सच्या राजाकडे गेले.

रामोनचे थडगे ऐक्सच्या सेंट जाँ द माल्त या चर्चमध्ये आहे. राज्यक्रांतीत त्याची नासधूस झाली, पुढच्या शतकात ते पुन्हा उभारले. एलिनोर १२९१ मध्ये एम्सबरीच्या मठात वारली. मार्गारेट सर्वांत शेवटी गेली, २० डिसेंबर १२९५ ला, पॅरिसमध्ये. साँसच्या लग्नाला तेव्हा एकसष्ट वर्षे झाली होती, आणि बाकी ८,००० मार्कांपैकी एकही मार्क ऱ्होन ओलांडून आला नव्हता.